कुलूप, कारण आणि पुरावा : कोलकात्याच्या तुरुंगातून सकारात्मक वर्तन साहाय्याकडे

प्रस्तावना

मानसशास्त्र, विशेष शिक्षण किंवा समाजकार्य शिकताना ‘वर्तन-समस्या’ हा शब्द वारंवार येतो. मात्र ही समस्या नेमकी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्रास त्या व्यक्तीला होतो आहे, की तिच्या भोवतालच्या लोकांना? सकारात्मक वर्तन साहाय्य ही पद्धत याच प्रश्नापासून सुरू होते. प्रस्तुत पाठात आपण पश्चिम बंगालमधील एका न्यायालयीन प्रकरणाच्या आधारे तिची नैतिक आणि पुराव्याची बाजू समजून घेऊ.

गुन्हा नसलेले कैदी

१९१२ च्या भारतीय वेडसरपणा कायद्याने पोलिसांना व्यापक अधिकार दिले होते. भटकणारी एखादी व्यक्ती मनोरुग्ण असून धोकादायक आहे असे वाटल्यास पोलीस तिला पकडून दंडाधिकाऱ्यासमोर उभे करू शकत. पश्चिम बंगालमध्ये अशा अनेकांची रवानगी थेट तुरुंगात होत असे. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक’, म्हणजे गुन्हा न केलेले वेडे, अशी होई. शिक्षाच नसल्यामुळे सुटकेची तारीखही नसे.

कोलकात्याच्या बाबतीत हा विरोधाभास अधिकच बोचतो. भारतातील पहिला मानसशास्त्र विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस यांनी याच शहरात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मनाचा शास्त्रीय अभ्यास देशात प्रथम जिथे रुजला, त्याच राज्यात ज्यांचे वागणे इतरांना उमगत नव्हते त्यांना कोठडी मिळत होती. ज्ञान उपलब्ध होते, पण ते तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचले नव्हते.

शीला बरसे यांची याचिका

मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणाविषयीचा १९८३ चा निकाल त्यांच्याच पाठपुराव्यातून आला. १९८९ मध्ये त्यांनी पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील या मनोरुग्णांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाने केवळ शपथपत्रांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पाहणीसाठी आयुक्त नेमले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि कायद्याच्या अभ्यासक अमिता धांडा यांनी हे काम केले.

१७ ऑगस्ट १९९३ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे. तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि निर्णय न्यायदंडाधिकाऱ्याने घ्यावा, असेही ठरले. मनोरुग्णालये सुधारणे आणि प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्याचा समावेश करणे, असे निर्देश राज्यांना मिळाले.

वर्तनामागचे कारण

या आदेशात ‘सकारात्मक वर्तन साहाय्य’ हा शब्दप्रयोग नाही. परंतु त्याच सुमारास अमेरिकेत ही पद्धत आकार घेत होती. तिथे संस्थांमध्ये ठेवलेल्या बौद्धिक अक्षमता असणाऱ्या व्यक्तींवर वेदनादायक शिक्षेचे प्रयोग होत. त्यांना विरोध होऊ लागला तेव्हा दुसरा मार्ग कोणता, हे दाखवणे भाग पडले.

१९८२ मध्ये ब्रायन इवाटा व सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचे वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वर्तनामागची कारणे व्यक्तीगणिक निराळी असल्याचे आढळले. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांना मदत किंवा लक्ष मागण्याचे शब्द शिकवले. मागण्याचा सोपा मार्ग मिळाल्यावर त्रासदायक वर्तन घटले. १९९० मध्ये रॉबर्ट हॉर्नर व सहकाऱ्यांनी शिक्षाविरहित साहाय्याची मांडणी केली. त्यात परिसर बदलणे, नवी कौशल्ये शिकवणे आणि व्यक्तीचे एकूण जीवन सुधारणे यांवर भर होता.

दोन अटी

कोलकात्याचा अनुभव आणि हे संशोधन एकत्र वाचले की दोन अटी स्पष्ट होतात. पहिली नैतिक अट : व्यक्तीची प्रतिष्ठा हे वर्तन सुधारल्यावर मिळणारे बक्षीस नव्हे, ती आधीपासूनच तिची आहे. दुसरी पुराव्याची अट : एखादा उपाय चालू आहे एवढ्यावरून तो उपयुक्त ठरत नाही. कोठडीत माणूस गप्प झाला, याचा अर्थ तो बरा झाला असा होत नाही. शांततेची नोंद तुरुंगाला सोयीची असते. माणसाच्या आयुष्यात काय बदलले, हे ती सांगत नाही.

यापैकी एकच अट पाळणे पुरेसे नाही. सदिच्छेने केलेला, पण कधीच न तपासलेला उपाय हानी करू शकतो. उलट मोजमाप काटेकोर असूनही उद्दिष्ट केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीचे असेल, तर ‘सकारात्मक’ हे विशेषण नावापुरते उरते.

समारोप

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणे आणि एकांतात कोंडणे यांवर बंदी घातली. शारीरिक बंधन केवळ तातडीची हानी टाळण्यासाठी, अन्य उपाय नसेल तेव्हाच वापरता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते वापरता येत नाही. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे, कारण सोय हे कारण होऊ शकत नाही, असे ते स्पष्ट सांगते.

१९९३ च्या आदेशाने तुरुंगाचे कुलूप बेकायदेशीर ठरवले. पण तुरुंगातून रुग्णालयात नेल्याने फक्त जागा बदलते. ‘ही व्यक्ती असे का वागते आहे, आणि तिला काय हवे आहे?’ हा प्रश्न नव्या जागीही कोणीतरी विचारावा लागतो. तो विचारणे आणि उत्तर तपासून पाहणे, हेच या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्यांचे काम आहे.

विचारासाठी प्रश्न

१. ‘वर्तन थांबणे’ आणि ‘व्यक्तीचे जीवन सुधारणे’ यांतील फरक स्वतःच्या पाहण्यातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. न्यायालयाने आयुक्त नेमले, या घटनेचे महत्त्व पुराव्याच्या दृष्टीने लिहा.