कुठल्या रुमालात, कोणत्या सनात

वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्यातल्या प्रत्येक पत्राला लेखांक दिला. खंड आणि लेखांक सांगितला की सव्वाशे वर्षांनंतरही नेमकं तेच पत्र हाती लागतं. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तिथेही हीच सोय आहे.

आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांताला ही शिस्त लागली नाही. एका पुरुषापुढे ‘पेशवे दफ्तर’, दुसऱ्यापुढे ‘पे. द.’, तिसऱ्यापुढे ‘दफ्तरातील कागद’. यातला कुठला सरदेसायांच्या छापील खंडातला आणि कुठला पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या मोडी रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातला? संपादकांनी खस्ता खाऊन कागद शोधले असणार, पण पुढच्याला त्या कागदांपर्यंत पोचायची वाटच ठेवली नाही.

सर्वांत मोठा घोळ सनांचा. मोडी कागदावर साल अरबी शब्दांत येतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११६१, पानिपताचं वर्ष. फसली सनात तेच ११७०, शके १६८२. सुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फसलीचा आकडा कोणी सुहूर समजून उतरवला की माणूस नऊ वर्षं पुढे सरकतो, आणि वंशावळीत बाप वारल्यावर मुलगा जन्माला येतो! म्हणून कागदावरची मिती मी आधी जशीच्या तशी लिहिते. इसवी सन त्यानंतर.

संदर्भ देताना क्रमही एकच ठेवते: संग्रह, रुमाल, कागद, मूळ मिती, इसवी सन. यात्रेकरूंची वंशावळ ठेवणाऱ्या त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वहीतली नोंद असेल तर उपाध्यांचं घराणं, वही, पान आणि लिहिणारा कोण. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेलं बापाचं नाव ही साक्ष आहे. पणजोबाचं नाव बहुधा ऐकीव.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: संक्षेपांची यादी पहिल्याच पानावर छापा, आणि माहिती आत्याने सांगितली असेल तर ‘तोंडी’ असं लिहून त्यापुढे तिचं नाव आणि साल घाला.