नागपूरची वाट आणि गोटुलाचं अंगण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. दोन्ही घटना वेगळ्या, पण हेतू एकच: सरकार लोकांच्या जवळ न्यायचं.

तोवर इथल्या मनोरुग्णाला वाट होती नागपूरची. तिथलं मनोरुग्णालय 1864 सालचं. भामरागड, सिरोंच्याहून तिथवर जायचं कसं? पावसाळ्यात नदीनाले आडवे येत. मग आधी गावचा पुजारी, आणि बहुतेकदा शेवटीही तोच.

तरुणांपुरतं गावाजवळ स्वतःचं काहीतरी होतं. माडिया-गोंडांच्या गोटुलात संध्याकाळी मुलं-मुली जमत, नाचगाणी होत, रीतभात कळे. तो काही उपचार नव्हे. पण एखाद्याचा उतरलेला चेहरा तिथं लपत नसे. पुढे आश्रमशाळा आल्या. त्यांनी अक्षरं दिली, दोन वेळचं जेवण दिलं. पण लहानगं पोर घरापासून आणि घरच्या माडिया बोलीपासून दूर गेलं. रात्री त्याला रडू आलं, तर ते सांगायचं कुणाला?

मनाचं आरोग्य केवळ आरोग्यखात्याच्या हाती नसतं. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायकांनी, चळवळ करून 1993 मध्ये दारूबंदी मिळवली. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीच्या परिणामांवर मतभेद आहेत. पण बापाच्या दारूची धास्ती पोरांच्या मनात घर करते, याबद्दल दुमत नसावं.

धोरणं पुढेही आली. 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानं 10 ते 19 वयोगटाच्या मनाचीही दखल घेतली. 2017 च्या कायद्यानं सांगितलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं मानावं. त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’चा मोफत सल्ला मिळतो.

मात्र फोनला रेंज लागते आणि दुःखाला आपली भाषा लागते. म्हणून आश्रमशाळेचे अधीक्षक, शिक्षक, आशाताई यांना उदास मूल ओळखायला शिकवणं, माडिया-गोंडी जाणणारे समुपदेशक नेमणं, ही कामं कायद्याइतकीच मोलाची आहेत. नागपूरची वाट गेल्या चाळीस वर्षांत बरीच आखूड झाली. शेवटचा टप्पा मात्र कागदानं नव्हे, शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसानंच ओलांडायचा आहे.