सौर प्रारण : नाव एक, राशी अनेक

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेला मराठीत ‘सौर प्रारण’ म्हणतात. हवामानशास्त्रात मात्र या एका नावाखाली अनेक भिन्न राशी येतात. वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे १,३६१ वॉट इतके प्रारण पडते. पृथ्वी गोल असल्याने आणि तिच्या अर्ध्या भागावर रात्र असल्याने जागतिक सरासरी त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ३४० वॉट भरते. त्यापैकी पृष्ठभागापर्यंत १८५ वॉट पोहोचतात. २५ परावर्तित होतात आणि १६० शोषले जातात. हे सारे आकडे सौर प्रारणाचेच. परंतु एकाच्या जागी दुसरा घेतल्यास सगळे गणित चुकते.

‘ग्लोबल’चे दोन अर्थ

आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) सुमारास भारतीय हवामान विभागाने ॲना मणी यांच्या पुढाकाराने प्रारणमापन केंद्रांचे जाळे उभारले. या नोंदींतील ‘ग्लोबल’ प्रारण म्हणजे जगाची सरासरी नव्हे. एखाद्या ठिकाणी आडव्या पृष्ठावर पडणाऱ्या थेट आणि विसरित प्रारणाची ती बेरीज होय. हवामान मॉडेलच्या संदर्भात ‘ग्लोबल’चा अर्थ जागतिक असाच घेतला जातो.

प्रमाण नाव

हा घोळ टाळण्यासाठी ‘क्लायमेट अँड फोरकास्ट’ (सीएफ) संकेत वापरले जातात. त्यांची पहिली आवृत्ती २००३ साली आली. ‘सर्फेस डाउनवेलिंग शॉर्टवेव्ह फ्लक्स इन एअर’ हे त्यातील एक नाव. पृष्ठभागापाशी, वरून खाली येणारा, लघुतरंगी प्रारणाचा प्रवाह, असा त्याचा अर्थ. स्थान, दिशा आणि प्रकार नावातच सांगितलेले असतात. आकाश निरभ्र मानून हिशेब केला असेल, तर तशी पुस्ती नावाला जोडावी लागते. मॉडेलच्या फाइलींत हीच राशी ‘आरएसडीएस’ या संक्षेपाने येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे मॉडेल ‘सीएमआयपी-६’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात इतर देशांच्या मॉडेलांशी ताडून पाहता येते, ते अशा समान नावांमुळेच.

गोव्यासाठी महत्त्व

जुलैत गोव्याचे आकाश बहुतेक ढगाळ असते. छपरावरील सौर पॅनेलचा अंदाज बांधताना निरभ्र आकाशाची राशी घेतली, तर प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक वीज कागदावर दिसेल. एककही तपासावे लागते : दिवसभराची सरासरी १०० वॉट प्रति चौरस मीटर असेल, तर ती दिवसाला २.४ किलोवॉट-तास होते. म्हणून आकडा वापरण्यापूर्वी त्याचे पूर्ण नाव वाचावे.