अठरावा खंड आधी, पहिला नंतर : वाई, इस्लामपूर आणि जगाविषयीचे मराठी वाचन

१/ मराठी विश्वकोशाचा अठरावा खंड १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि पहिला खंड त्यानंतर तीन वर्षांनी, १९७६ साली. हा छापखान्यातील गोंधळ नव्हता. अठरावा खंड हा परिभाषासंग्रह होता. जगातील ज्ञान मराठीत मांडायचे, तर त्यासाठी लागणारे शब्द आधी निश्चित करणे भाग होते. या उलट्या क्रमामागे सातारा-सांगली परिसरातील एक वैचारिक परंपरा उभी आहे. जगाविषयी काय वाचावे आणि काय बाजूला ठेवावे, हे जबाबदारीने ठरवणाऱ्यांची ती परंपरा आहे.

२/ आज सातारा आणि सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठचे वाई आणि वाळवे तालुक्यातील इस्लामपूर ही एकाच जुन्या जिल्ह्यातील गावे.

३/ इस्लामपूर ही आचार्य शंकर दत्तात्रेय जावडेकर यांची कर्मभूमी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. ‘आधुनिक भारत’ हा त्यांचा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. भारतीय राष्ट्रवादाची वाटचाल त्यांनी जगातील विचारप्रवाहांच्या संदर्भात मांडली. गांधीविचार आणि समाजवाद यांतून एकाची निवड करण्याऐवजी दोन्हींची चिकित्सा करून त्यांनी सत्याग्रही समाजवादाची मांडणी केली.

४/ १९४७ साली ‘नवभारत’ मासिक सुरू झाले आणि संपादनाची धुरा जावडेकरांकडे आली. फाळणी झाली होती, जग दोन महासत्तांच्या गटांत विभागले जात होते आणि वृत्तपत्रे दररोज नवी खळबळ घेऊन येत होती. अशा वेळी महिन्यातून एकदा, घटनेमागील कारणांचा शोध घेणारे लेखन वाचकांपुढे ठेवणे, हे या मासिकाचे काम होते.

५/ असे वाचन ही चैन नव्हती, याचा प्रत्यय लवकरच आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकऱ्याची जात कळताच पुढील काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. बातमी काही तासांत गावोगाव पोहोचली होती. विवेकाला तो वेग साधला नाही. बातमी कळणे आणि घटना समजणे यांतील अंतर त्या दिवसांत याच मातीने पाहिले.

६/ दुसरे केंद्र वाई. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथे होती. विनोबा भावे १९१७ साली येथेच अध्ययनासाठी आले होते. याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वेदान्तापासून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादापर्यंत पोहोचले. ‘नवभारत’चा संसारही पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाने सांभाळला.

७/ १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कराडला वाढलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले. विश्वकोशाचे कार्यालय राजधानी मुंबईत न थाटता वाईत थाटण्यात आले. जगाचा कोश घाटांच्या आणि देवळांच्या एका तालुक्याच्या गावी घडू लागला.

८/ विश्वकोशाची खरी कसोटी माहिती मिळवण्यात नसते. ती निवडण्यात असते. कोणत्या विषयाला स्वतंत्र नोंद द्यावी, कोणत्या देशाला किती पाने द्यावीत, परकीय नावांचा मराठी उच्चार कसा लिहावा, हे प्रत्येक टप्प्यावर ठरवावे लागते. तज्ज्ञाने लिहिलेली नोंद इतरांनी तपासायची आणि मगच छापायची, ही शिस्त वेळखाऊ असली तरी तिच्याशिवाय कोशाला विश्वासार्हता येत नाही.

९/ या संथपणाची किंमतही मोजावी लागली. पहिला खंड निघाला तेव्हा सोव्हिएट संघ ही महासत्ता होती. १९९१ साली तो विसर्जित झाला, तेव्हा विश्वकोश अपुराच होता. २७ मे १९९४ रोजी तर्कतीर्थांचे निधन झाले. पूर्ण झालेला कोश त्यांना पाहता आला नाही. पुढे ‘नवभारत’चे संपादन केलेले मे. पुं. रेगे यांनी विश्वकोशाची धुरा घेतली. विसावा खंड प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. छापील कोश जगाच्या मागे पडतो, हा आक्षेप खराच आहे.

१०/ तरीही बदललेल्या जगाचा अर्थ लावायला जुनी, तपासलेली नोंदच उपयोगी पडते. सोव्हिएट संघ का कोसळला हे समजण्यासाठी तो कसा उभा राहिला हे ठाऊक असावे लागते. आज बातम्यांचा पूर हातातल्या पडद्यावर येतो आणि निवड बहुधा यंत्र करते. जावडेकर आणि तर्कतीर्थ यांनी ती निवड स्वतःच्या नावाने केली. चुकले तर कोणाला जाब विचारायचा, हे त्यांच्या वाचकाला ठाऊक होते.