निशाणी नांगर

जुन्या कर्जरोख्यांवर कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे शब्द आढळतात. सही न येणारा शेतकरी नांगराची खूण करीत असे. ती खूण आपण निरक्षरतेचा पुरावा म्हणून वाचतो. पण रोख्यावर अक्षरांबरोबर आकडेही असत, आणि खरा घात आकड्यांनी केला.

या शेतकऱ्याला मोजता येत नव्हते असे नाही. पायली, मण, बिघा यांचा तोंडी हिशेब त्याला चोख येई. मात्र पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकवून घेणाऱ्या पंतोजींच्या शाळा मुख्यतः ब्राह्मण व व्यापारी घरांतील मुलांसाठी होत्या. कागदावर वाढत जाणारा आकडा कुणब्याच्या डोळ्यांना दिसतच नव्हता.

तो कसा वाढे? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची झाली. त्यामुळे दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. उदाहरणादाखल, दरमहा दर शेकडा २ रुपये व्याजाने घेतलेले १०० रुपये तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ होतात. एकाच रोख्यावर दामदुपटीच्या जुन्या नियमाने मागणे २०० रुपयांवर थांबले असते. रोखा बदलला की नियम निरुपयोगी ठरे, कारण कालचे व्याज आजचे मुद्दल झालेले असे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी मुख्यतः रोखे आणि वह्या मागितल्या व जाळल्या. जे वाचता येत नाही आणि पडताळताही येत नाही, त्याचे दुसरे काय करणार? १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मुळापासून हिशेब तपासण्यास सांगितले आणि शेतकऱ्याला पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. पण मिळालेला हिशेब तपासणार कोण?

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाचा जो अभ्यासक्रम सुचवला, त्यात मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब होता. आपण साहित्याचे अभ्यासक फुल्यांच्या ‘विद्या’ या शब्दाचा अर्थ बहुधा अक्षरांपुरताच लावतो. ज्यांची जमीन आकड्यांनी गेली, त्यांच्यासाठी त्या शब्दात अंकही तितकेच होते.