माळवा, परदेशी विद्यापीठे आणि जातीचा अभ्यास

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची संस्थाने. देवासच्या गादीच्या तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा होत्या. १८१८ व १८१९ च्या तहांनी ही राज्ये इंग्रजांच्या आश्रयाखाली आली. तथापि तेथील राजघराणी आणि कारभारी मंडळी पुढेही दीर्घकाळ मराठीच बोलत राहिली. पश्चिमेस धार, ईशान्येस देवास आणि मध्ये होळकरांचे इंदूर असा हा टापू आहे. इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर, नैर्ऋत्येस, महूची लष्करी छावणी वसली. याच टापूत कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून शाळा व दवाखाने उघडले, हे मंडळीच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. भारतीय समाजशास्त्राच्या आरंभीच्या इतिहासाशी या भूमीचा दुहेरी संबंध आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांतील पहिला संबंध जन्माचा. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. दुसरा संबंध कार्याचा. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल तयार केला व तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा गेडिस यांच्याकडे आली.

भारतात या शास्त्राच्या उच्च शिक्षणाची सोय होण्यापूर्वी जिज्ञासू विद्यार्थ्यास परदेशाचा मार्ग धरावा लागे. या मार्गाने गेलेल्या पहिल्या मराठी विद्यार्थ्यांत श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव ठळक आहे. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९११ मध्ये त्यांस डॉक्टरेट मिळाली. त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ विद्यार्थिदशेतच, १९०९ मध्ये, प्रकाशित झाला. ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु त्यांच्या विद्वत्तेचा पाया या अभ्यासात घातला गेला होता.

१९१३ च्या जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीस समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र हे विषय होते. फ्रँकलिन गिडिंग्ज, जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन अशा अध्यापकांपुढे ते बसले. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंध सादर करून त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली.

९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ली यांच्या व्याख्यांबरोबर त्यांनी केतकरांचीही व्याख्या तपासली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर विवाह करण्यास बंदी असणे. आंबेडकरांनी केतकरांचा आदर राखून दाखविले की ही लक्षणे दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाहच होऊ दिला नाही, तर बाहेरचा मनुष्य आपोआपच आत येऊ शकत नाही. म्हणून अंतर्विवाह हेच जातीचे मर्म होय. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींची मीमांसा त्यांनी याच सूत्राने केली: विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या बंद वर्तुळात समतोल राखण्याची ती साधने होती.

एक मराठी विद्यार्थी दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या ग्रंथाचे परीक्षण अटलांटिकपलीकडे करतो, हे दृश्य चिंतनीय आहे. मायदेशी या दोघांची एका पंगतीस गाठ पडणे त्या काळी दुर्घट होते. परक्या भूमीने त्यांस एकाच प्रश्नापुढे समान अधिकाराने उभे केले. तिसरे अभ्यासक मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस यांच्या निवडीमुळे ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला रिव्हर्स व त्यांच्या निधनानंतर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले आणि १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जातीची सहा लक्षणे मांडली. विवाहावरील निर्बंध हे त्यांपैकी एक होते.

विद्येने दृष्टी मिळाली, परंतु समाज बदलला का? १९१७ च्या मे महिन्यात आंबेडकरांचा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांस बाहेर पडण्यास सांगितले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांनी तेव्हा दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्राने नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा मित्र भारतीय ख्रिस्ती होता. पत्नी दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे तो म्हणाला. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण कुळातील होते. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले, पण पत्नीचे आचार जुनेच राहिले व तिने अस्पृश्यास घरात घेतले नसते, असे आंबेडकरांस मागाहून कळले. संध्याकाळी सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

हा प्रसंग आम्हांस विशेष लागतो, कारण ते दार एका ख्रिस्ती घराचे होते. त्या कुटुंबाने उपासनेचे स्थान बदलले होते, सोयरिकीचे व पंगतीचे नियम मात्र सोबत आणले होते. कोलंबियात मांडलेला सिद्धान्त येथे लागू पडतो. जात कोठे शिल्लक आहे हे ओळखण्यासाठी मतांची घोषणा ऐकून भागत नाही. मुलामुलींचे विवाह कोणत्या घरांत जुळतात आणि पाहुण्याला कोणत्या खोलीपर्यंत प्रवेश मिळतो, हे पाहावे लागते. स्थळ पाहताना पूर्वीची जात हलक्या आवाजात विचारण्याची रीत आमच्या मंडळ्यांतून सर्वस्वी गेलेली नाही.

महू, इंदूर, धार व देवास येथे सेवा करणाऱ्यांनी हा इतिहास केवळ अभिमानाचा विषय मानू नये. २००३ मध्ये महूस डॉ. आंबेडकर नगर असे नाव देण्यात आले. स्मरणाचे ते कार्य योग्यच झाले. परंतु तेथे जन्मलेल्या त्या विद्यार्थ्याने जी कसोटी जगापुढे ठेवली, ती आपल्या विवाहनोंदवहीस लावून पाहणे हे त्याहून अवघड आणि अधिक अगत्याचे काम आहे.