कागदाची साक्ष

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर दिवस मावळताना एका तरुणाला अपघात झाला. वय वीसच्या आसपास, डाव्या मांडीचं हाड मोडलेलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं करून, सुमारे दोनशे मैलांचा रस्ता तुडवत ९ मेला त्याला पुण्यात आणलं. दिवसा रुग्णालयात दाखल केलं, संध्याकाळपर्यंत प्लास्टर झालं आणि रात्री नऊ वाजता तो गेला.

दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं 'फॅट एम्बॉलिझम', म्हणजे चरबीच्या कणांनी रक्तवाहिनी तुंबणं. घरच्यांना ते पटलं नाही. पुरेशी भूल न देता, माणसं लावून पाय जोराने ओढला आणि त्या धक्क्यानेच मुलगा गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोर्टात गेले. खालच्या न्यायालयात जिंकले, उच्च न्यायालयात जिंकले आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचं अपील फेटाळलं. पंधरा वर्षांनंतर कायम झालेली भरपाई होती तीन हजार रुपये.

'जोशी विरुद्ध गोडबोले' हा खटला भारतात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या वादांचा पाया मानला जातो. डॉक्टरांची कर्तव्यं न्यायालयाने त्यात स्पष्ट केली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. ही काळजी अलौकिक असायला नको, पण अगदी जेमतेमही चालणार नाही. आजही हीच मोजपट्टी लावली जाते.

त्या घराकडे न्यायालयापुढे ठेवायला काहीतरी होतं, हे इथे महत्त्वाचं आहे. काय घडलं ते पाहणारी माणसं होती, एक्स-रे होते, तासांचा हिशेब होता. औरंगाबादच्या एका खटल्यात तर पुरावा हातात धरता येण्याजोगा होता. जुलै १९६३ मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी थांबेना म्हणून पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत विसरलेलं कापड सापडलं. ती वाचली नाही. कापड आपण होऊन पोटात जात नाही, तेव्हा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करायची गरज काय? तरीही उच्च न्यायालयात हरलेल्या या कुटुंबाला छत्तीस हजारांच्या भरपाईसाठी १९९६ सालापर्यंत थांबावं लागलं.

हृदयाची लय बिघडून माणूस जातो तेव्हा असं कापड मागे राहत नाही. शवविच्छेदनात हृदय कित्येकदा धडधाकट दिसतं. बिघाड विजेच्या प्रवाहात असतो आणि प्राण गेला की तो प्रवाहही थांबतो. मागे उरतो तो फक्त जिवंतपणी काढलेला कार्डिओग्राम, त्या प्रवाहाचा कागदावर रेषांनी उमटलेला आलेख.

हा कागद नेदरलँड्समधल्या लायडन शहरात जन्मला. विलेम आइंटहोवन यांनी १९०१ च्या सुमारास तारेचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे हृदयाचा विद्युतप्रवाह टिपणारं यंत्र, बनवला. यंत्राचं वजन अडीचशे किलोहून अधिक होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. ते अवजड धूड रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरची तार टाकली आणि रुग्णालयातल्या माणसाचे ठोके प्रयोगशाळेत उमटवले. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्या रेषांनी काय काय उलगडलं, याचं एक उदाहरण विसरता येत नाही. १९५७ मध्ये जेर्व्हेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी नॉर्वेतल्या एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. सहापैकी चार मुलं जन्मतः बहिरी होती. खेळताना किंवा घाबरल्यावर ती बेशुद्ध पडत. त्यातली तीन लहानपणीच अचानक दगावली. कार्डिओग्रामवर ठोक्याचा एक टप्पा, क्यूटी, नेहमीपेक्षा लांबलेला होता. पुढे बहिरेपणाशिवायही हाच दोष असलेली कुटुंबं सापडली. अशा कितीतरी मुलांवर आधी फिटचा शिक्का बसलेला होता. ती वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या घेत राहिली आणि छातीला तारा लावून पाहायचं कुणाला सुचलंच नाही.

मोठ्यांच्या बाबतीत शिक्का वेगळा, चूक तीच. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदय अचानक भरधाव सुटण्याचा विकार असलेले १०७ रुग्ण होते. पहिल्या तपासणीत निम्म्याहून अधिकांचा विकार ओळखलाच गेला नव्हता. 'पॅनिक'चं निदान पुरुषांपेक्षा बायकांच्या वाट्याला जास्त आलं होतं. "टेन्शन घेऊ नका," हे ऐकून आपल्याकडेही किती जणी धडधडती छाती घेऊन घरी परततात!

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. साधा कार्डिओग्राम दहाएक सेकंदांचा असतो आणि हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. लय नेमकी त्या दहा सेकंदांत बिघडेलच असं नाही. म्हणूनच केवळ निदान चुकलं म्हणून कायदा डॉक्टरांना दोषी ठरवत नाही. समोर आलेल्या खुणा पाहून एखाद्या सावध डॉक्टराने पुढची तपासणी केली असती का, एवढंच तो विचारतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हैदराबादच्या एका खटल्यात वरच्या आयोगांनी नाकारलेली दोन लाखांची भरपाई पुन्हा बहाल केली. मलेरियाच्या रुग्ण स्त्रीवर तिथे टायफॉइडचे उपचार झाले होते. अशा प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, हेही न्यायालयाने बजावलं. मात्र त्या खुणा समोर होत्या की नाही, हे सांगणार कोण? कागदच.

आणि तो कागद बराच काळ रुग्णालयाच्या कपाटात राहायचा. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तक्रारीची वाट मोकळी झाली, पण केस पेपर मागितला की गोपनीयतेचं कारण पुढे केलं जाई. १९९६ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते कारण मोडीत काढलं: रुग्णाचे कागद रुग्णापासून लपवता येणार नाहीत, मागितल्यावर प्रत द्यावीच लागेल. या निकालाचं मोल भल्याभल्या भरपाईच्या आकड्यांहून मोठं आहे. २००२ च्या नियमांनी मुदतही घातली. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायचे.

हा नियम दाखल रुग्णांपुरता आहे. बाह्यरुग्ण विभागात काढलेली कार्डिओग्रामची पट्टी आपली आपणच सांभाळायची असते. ती उष्णतेने छापली जाते आणि काही वर्षांत पुसट होते. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून घरात कुणाला वारंवार भोवळ येत असेल, खेळता खेळता मूल कोसळत असेल, तर कार्डिओग्राम 'नॉर्मल' आला तरी पट्टी मागून घ्या, त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि पुढच्या डॉक्टरांपुढे ती आधी ठेवा.